रक्ताचे माप

बाळंतपणाच्या खोलीत जवळजवळ सगळे मोजले जाते. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला किती पडतात, दहा मिनिटांत कळा किती येतात, गर्भाशयाचे तोंड किती सेंटिमीटर उघडले, जन्मलेल्या बाळाचे वजन किती भरले, या प्रत्येकाला आकडा असतो. बाळंतिणीच्या अंगावरून किती रक्त गेले, हे मात्र जगातल्या बहुतेक दवाखान्यांत वर्षानुवर्षे नजरेने ठरवले गेले आणि अनेक ठिकाणी आजही तसेच ठरते. खालच्या रबरी चादरीकडे, भिजलेल्या पॅडकडे, किडनी ट्रेमध्ये साठलेल्या गाठींकडे पाहायचे आणि एक ठोकळ आकडा कागदावर लिहायचा. हा रकाना जीवन-मरणाचा आहे. २०२३ साली गर्भारपण आणि बाळंतपण यांच्याशी निगडित कारणांनी जगात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा हिशेब आहे. त्यातल्या चौथाईहून थोड्या अधिक मृत्यूंमागे रक्तस्राव असतो आणि बाळ जन्मल्यानंतरच्या रक्तस्रावाने वर्षाला साधारण ४५ हजार बायका जातात. गेल्या वीस वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून वाचले की माझ्या मते त्यातून एक गोष्ट ठसठशीतपणे समोर येते. या बायका वाचवायला लागणारी औषधे बहुतांशी आपल्याकडे आधीपासून होती. कमतरता होती ती रक्ताच्या मापाची, आणि माप दिसताच कोणाच्या परवानगीसाठी न थांबता हात चालवण्याच्या मुभेची. या दोन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे फरक पडला आणि तो मोठा पडला.

माप इतके महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी बाळ बाहेर आल्यानंतरच्या काही मिनिटांत शरीरात काय घडते ते पाहावे लागते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्यांची मोठी जखम राहते. रक्त गोठून ती बंद व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ हाताशी नसतो. म्हणून पहिला बंदोबस्त स्नायू करतात. गर्भाशयाच्या भिंतीत स्नायूंचे धागे उभे, आडवे, तिरके असे एकमेकांत विणलेले असतात. ते आकसले की त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या आपोआप आवळल्या जातात. बेंबीच्या खाली हात ठेवला तर असे गर्भाशय कडक लागते. ते सैल राहिले की रक्त थांबत नाही, आणि बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाच्या दहापैकी सुमारे सात घटनांमागे हेच कारण असते. उरलेल्यांत वारेचा तुकडा आत अडकणे, योनीमार्ग किंवा गर्भाशयाचे तोंड फाटणे आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतला बिघाड ही कारणे येतात. यात फसवणूक होते ती शरीराच्याच चिवटपणामुळे. गर्भारपणात रक्ताचे आकारमान चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनी वाढलेले असते आणि वय तरुण असते. त्यामुळे बरेच रक्त गेले तरी शरीर रक्तदाब सांभाळून धरते. नाडी थोडी वाढते, पण नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची नाडी वाढलेली असायचीच, असे आपण धरून चालतो. ती बोलत असते, बाळाकडे पाहत असते. रक्तदाब कोसळतो तेव्हा लिटरभर, कधी दीड लिटर रक्त गेलेले असते आणि मग घसरण फार वेगाने होते. लक्षणे दिसण्याची वाट पाहणे म्हणजे अनेकदा उशिराचीच वाट पाहणे होय.

मग डोळ्याला हे रक्त दिसत नाही का? दिसते, पण मापता येत नाही. रक्त एका जागी साठत नाही. ते चादरीत मुरते, गादीखाली जाते, गर्भजलात आणि लघवीत मिसळते, पॅड बदलला की त्याच्याबरोबर बादलीत जाते. थोडे रक्त असेल तर माणूस ते जास्त समजतो आणि खूप असेल तर कमी समजतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे चूक नेमकी नको त्या टोकाला होते. अनुभवी डोळाही याला अपवाद नसतो. त्यात आणखी एक मानवी गोष्ट आहे. मोठा आकडा लिहिला की धावपळ सुरू होते, डॉक्टरांना बोलवावे लागते, आपल्या हातून काही चुकले का असा प्रश्न उभा राहतो. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरसमोर तीन टेबलांवर तीन बाळंतिणी असतील तर ‘बघू, थांबेल’ असे मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. आणि बहुतेक वेळा रक्त थांबतेही. त्यामुळे अंदाजाची सवय मोडत नाही.

या अंदाजाला मापाने आव्हान देण्याचे एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारी, बेळगावात झाले. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले भालचंद्र कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी रिचर्ड डर्मन वगैरे मंडळींना खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणात एका गोळीची परीक्षा घ्यायची होती. रक्तस्राव कमी झाला की नाही हे ठरवायला तो आधी मोजता यायला हवा, म्हणून त्यांनी एक साधी वस्तू घडवली. ही पारदर्शक प्लॅस्टिकची चादर. बाळ बाहेर आले, नाळ कापली, गर्भजल वाहून गेले की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची आणि तिचे बंद पोटाभोवती बांधायचे. खालच्या बाजूला ती निमुळती होत झोळीसारखी टेबलाच्या कडेवरून लोंबते आणि त्या झोळीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. रक्त वाहत जाऊन तिथे साठते आणि उभ्याउभ्या वाचता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या तुलनेत या झोळीच्या मापापेक्षा नजरेचा अंदाज ३३ टक्के कमी भरला. म्हणजे साडेसातशे मिलिलिटर रक्त गेले असेल तर कागदावर पाचशे पडणार, आणि पाचशे म्हणजे जेमतेम धोक्याच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये मूळ प्रयोगाचे निष्कर्ष आले. बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० स्त्रियांना नर्सबाईंनी बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलची गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. निष्क्रिय गोळीच्या गटात १२ टक्के स्त्रियांचे रक्त पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक गेले होते, मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के. फ्रिज न लागणारी, सुई न लागणारी गोळी उपकेंद्रात आणि घरीही काम करते, हे त्यातून सिद्ध झाले आणि २०११ साली ती या कामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. या गोळीचे कौतुक पुष्कळ झाले. झोळीकडे मात्र बराच काळ संशोधनाचे एक उपकरण म्हणूनच पाहिले गेले. रोजच्या उपचारात ती यायला आणखी सतरा वर्षे जावी लागली.

मधल्या काळात लक्ष औषधांवर राहिले आणि औषधांनी बरेच काही दिलेही. ऑक्सिटोसिन हे या कामातले मुख्य इंजेक्शन आहे. बाळ जन्मताच ते दिले की गर्भाशय आकसायला मदत होते. त्याची अडचण अशी की ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि वीज जाणाऱ्या केंद्रात त्याचा जोर हळूहळू ओसरतो. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हा त्यावरचा पर्याय. २०१८ साली भारतासह दहा देशांतल्या २९,६४५ स्त्रियांवरच्या चाचणीत ते ऑक्सिटोसिनच्या बरोबरीचे ठरले. पण त्या चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. काळजीपूर्वक मोजले तेव्हा कार्बेटोसिनच्या गटात १४.५ टक्के आणि ऑक्सिटोसिनच्या गटात १४.४ टक्के स्त्रियांनी पाचशेची हद्द ओलांडली होती किंवा त्यांना गर्भाशय आकसणारे आणखी औषध द्यावे लागले होते. चांगले औषध, वेळेवर दिलेले, प्रयोगाच्या शिस्तीत दिलेले, तरीही सातातल्या एकीला ते पुरत नाही. प्रतिबंध हवाच, पण त्याच्या पलीकडे रक्त जाऊ लागलेल्या बाईला ओळखण्याचे काम शिल्लक राहतेच.

त्या बाईसाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्त थांबवायला मदत करणारे औषध आहे, आणि त्याचा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होते. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो या जपानी संशोधकांनी १९६२ साली हे औषध जगापुढे ठेवले. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात ही उताकोंची इच्छा होती, पण बाळंतिणींवर त्याची चाचणी घ्यायला त्यांना स्थानिक डॉक्टर तयार करता आले नाहीत. औषध दातांच्या शस्त्रक्रियेत, जास्त पाळी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये वापरले जाऊ लागले. ज्या कामासाठी ते शोधले त्या कामाची मोठी परीक्षा २१ देशांतल्या २०,०६० स्त्रियांवर झाली आणि निकाल लागला २०१७ मध्ये. उताको ओकामोतो २०१६ साली, ९८व्या वर्षी वारल्या होत्या. रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रियांना हे औषध दिले तेव्हा रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले आणि बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तर १.७ वरून १.२ वर. तीन तासांनंतर फायदा उरत नाही. ‘लॅन्सेट’मधल्या पुढच्या विश्लेषणात दिसले की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायद्याचा सुमारे दहावा भाग गळून पडतो. इथे एक सरळ विचार मनात येतो: उशीरच घातक असेल तर सगळ्याच बाळंतिणींना, निदान अंगात रक्त कमी असलेल्यांना, आधीच हे औषध देऊन मोकळे व्हावे. तोही प्रयोग झाला. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया इथल्या, मध्यम किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या १५,०६८ स्त्रियांना नाळ बांधल्यावर लगेच औषध किंवा निष्क्रिय इंजेक्शन दिले. २०२३ मध्ये निकाल आला: औषधाच्या गटात ७ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात ६.६ टक्के. प्रतिबंध म्हणून काहीच उपयोग झाला नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवले की अर्थ स्वच्छ दिसतो. औषध काम करते ते रक्त जात असलेल्या बाईत, आणि तेही लवकर दिले तरच. म्हणजे कोणाचे रक्त जात आहे हे पहिल्या काही मिनिटांत कळायला हवे. तेवढ्यासाठी नवे औषध नको होते, माप हवे होते.

हे माप आणि उपचार एका दोरीत बांधण्याचा प्रयोग आफ्रिकेत झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे आरी कुमारसामी, जागतिक आरोग्य संघटनेत काम करणारे योआनिस गॅलॉस आणि केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया या चार देशांतले संशोधक त्यात होते. ८० रुग्णालये, २ लाख १० हजारांहून अधिक नैसर्गिक बाळंतपणे. अर्ध्या रुग्णालयांनी आपली नेहमीची पद्धत चालू ठेवली. उरलेल्यांत प्रत्येक बाळंतिणीखाली रेघांची झोळी आली, पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कडकपणा आणि रक्त तपासून नोंदवायचे ठरले आणि रेघ ओलांडली की पाच गोष्टी लागोपाठ करायच्या ठरल्या: गर्भाशय चोळणे, आकसणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाईन, आणि कुठे फाटले किंवा वार अडकली आहे का हे तपासून गरज पडल्यास वरिष्ठांना बोलावणे. आधीची प्रथा पायरीपायरीची होती. एक उपाय करून पाहायचा, त्याने नाही थांबले तर दुसरा, मग तिसरा. मे २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. लिटरभर किंवा अधिक रक्त जाणे, रक्त थांबवण्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांपैकी काहीतरी होण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होते, नव्या पद्धतीत १.६ टक्के. प्रसूतिशास्त्रात एका प्रयोगात एवढी घट क्वचितच दिसते. दुसरे आकडे त्याहून बोलके आहेत. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम ५१ टक्के स्त्रिया ओळखल्या गेल्या, नव्या पद्धतीत ९३ टक्के. पूर्ण उपचार मिळाले ते आधी १९ टक्क्यांना, नंतर ९१ टक्क्यांना. आणि एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुलना नीट व्हावी म्हणून नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांतही झोळी होती. नंतर वजन करून रक्त मोजायचे होते. फक्त तिच्यावर रेघा नव्हत्या. रक्त डोळ्यांसमोर साठत होते, आणि तरी जवळजवळ निम्म्या बायका निसटल्या.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप युरोपातून येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तेरा युरोपीय देशांतल्या ७८ प्रसूतिगृहांत हाच प्रश्न आधी विचारला गेला होता. निम्म्या ठिकाणी रक्त गोळा करणारी मोजपिशवी दिली, निम्म्या ठिकाणी नजरेचा अंदाज चालू राहिला. २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या निकालानुसार गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण पिशवीच्या गटात १.७१ टक्के आणि अंदाजाच्या गटात २.०६ टक्के होते; संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. फरक नाहीच म्हणा. मग झोळीचे गोडवे कशाला गायचे? काही जण याचे उत्तर असे देतात की युरोपात आधीच सगळे चांगले चालले होते, सुधारायला वाव नव्हता. ते काही अंशी खरे असेल, पण मला ते पुरेसे वाटत नाही. युरोपच्या प्रयोगात पिशवी दिली, पण पिशवीतला आकडा अमुक झाला की अमुक करायचे, असा हुकूम तिला जोडलेला नव्हता. काय करायचे ते त्या त्या प्रसूतिगृहाच्या रिवाजावर सोडले होते. आकडा कळला आणि पुन्हा विचार सुरू झाला: सहाशे झाले, पण बाई बरी दिसते, रक्तदाब ठीक आहे, थोडे थांबू. माप अंदाजाला पुरवणी म्हणून आले, अंदाजाच्या जागी आले नाही. आफ्रिकेतल्या प्रयोगात रेघ हीच आज्ञा होती. बेळगावच्या झोळीने सत्य दाखवले, युरोपच्या पिशवीने ते सत्य नुसते दाखवून भागत नाही हे दाखवले, आणि चार आफ्रिकी देशांनी त्याला कृती जोडली. चारही देशांतल्या यशात कोणत्या घटकाचा वाटा किती, हे तो प्रयोग वेगळे काढून सांगू शकत नाही, कारण तिथे सगळे एकत्रच दिले होते. पण बाकीच्या प्रयोगांशी ताडून पाहिले तर केवळ औषध, केवळ पिशवी किंवा केवळ प्रतिबंध यांपैकी कशानेही हे साधले नसते, एवढे म्हणायला आधार आहे.

कृती जोडणे म्हणजे प्रत्यक्षात काय, यावर थोडे थांबायला हवे, कारण खरा बदल तिथेच आहे आणि खरा विरोधही तिथेच होतो. आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. बाळंतपण सिस्टर करते. रक्त जास्त जाते आहे असे तिला वाटले तर ती डॉक्टरांना फोन करते. डॉक्टर क्वार्टरमध्ये असतील, दुसऱ्या पेशंटकडे असतील, कधी गावातच नसतील. ट्रॅनेक्झॅमिकची ॲम्प्यूल कपाटात असते, कपाटाला कुलूप असते, किल्ली दुसऱ्याकडे असते. सलाईन एका खोलीत, सुया दुसऱ्या खोलीत. या प्रत्येक टप्प्यावर पाच-सात मिनिटे जातात आणि दर पंधरा मिनिटांना औषधाच्या फायद्याचा दहावा भाग जातो, हा हिशेब आपण वर पाहिला. आफ्रिकेतल्या रुग्णालयांत सगळे साहित्य एका ट्रॉलीवर किंवा पेटीत तयार ठेवले होते आणि उपचार सुरू करण्याचा अधिकार बाळंतपण करणाऱ्या परिचारिकेकडे होता. नर्सला एवढा अधिकार द्यावा का, असा प्रश्न डॉक्टरांकडून येतो. तिची तयारी आहे का, चूक झाली तर जबाबदार कोण, असेही विचारले जाते. हे प्रश्न गैर नाहीत. पण त्यांचे उत्तर रेघेतच आहे. तिला निदानाची जोखीम एकटीने घ्यायला कोणी सांगत नाही. निर्णय आधीच, शांत वेळी, तज्ज्ञांनी मिळून घेतलेला असतो; तिला फक्त आकडा वाचून तो अमलात आणायचा असतो. उलट अंदाजाच्या पद्धतीत सर्वांत मोठी जोखीम आपण तिच्याच गळ्यात टाकतो. नजरेने ठरव, चुकीचे ठरले तर उत्तर दे, आणि ठरवलेस तरी स्वतःहून काही करू नकोस. यापेक्षा अन्यायकारक व्यवस्था कोणती?

दुसरा आक्षेप अतिउपचाराचा आहे. रेघेवर बोट ठेवून औषधे देऊ लागलो तर ज्यांचे रक्त आपोआप थांबले असते अशा अनेक जणींना उगाच सुया टोचल्या जातील. हे काही जणींच्या बाबतीत होईलच. पण किंमत तोलून पाहिली पाहिजे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या वीस हजारांच्या चाचणीत रक्ताच्या गुठळ्या अडकण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. आफ्रिकेतल्या प्रयोगात रक्त देण्याची गरजही वाढली नाही, उलट घटली, आणि पाचशेची हद्द ओलांडणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणच १६.७ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. कारण झोळीवर पाचशेच्या आधी तीनशेची इशारारेघ होती आणि तिथेच हात हलवायला सुरुवात होत होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केपटाउनला जागतिक आरोग्य संघटनेने, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सुईणींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांसह, नवे मार्गदर्शन जाहीर केले. त्यात तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींच्या आधारे हेच तत्त्व मान्य झाले: रक्त पाचशे होण्याची वाट पाहायची नाही, तीनशे झाले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर लगेच उपचार सुरू करायचे. तिसरा आक्षेप मृत्यूंच्या आकड्याचा. दोन लाख बाळंतपणांच्या प्रयोगात मृत्यू इतके थोडे झाले की मृत्यू नक्की कमी झाले, असे त्या एका प्रयोगावरून म्हणता येत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. प्रत्यक्ष सिद्ध झाले ते लिटरभर रक्त जाण्याचे प्रमाण घटल्याचे. पण लिटरभर रक्त गेलेल्या बाईला ज्या वाटेने जावे लागते तिच्यावर रक्त मिळवणे, शस्त्रक्रिया, गर्भाशय काढणे, महिनोन्‌महिने टिकणारा अशक्तपणा हे सगळे असते. मृत्यू हे त्या वाटेचे शेवटचे टोक आहे. ती वाटच टळत असेल तर ते स्वतःच पुरेसे मोठे यश आहे. राहिला खर्चाचा आणि प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा मुद्दा. झोळी एकदाच वापरायची असते, हे खरे. पण बाळंतपणाच्या खोलीत आधीच पॅड, हातमोजे, रबरी चादरी यांचा वापर होतो आणि एका गंभीर रक्तस्रावाला लागणाऱ्या रक्तपिशव्या, औषधे आणि रुग्णवाहिकेचा खर्च पुष्कळ मोठा असतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न संपला आहे, असे कोणाला वाटू शकेल. २०१८ ते २० या काळात राज्यात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, देशाची सरासरी ९७ होती आणि आसामात १९५. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. ही खरी प्रगती आहे. पण बाळंतपण दवाखान्यात झाले म्हणजे रक्त मोजले गेले असे होत नाही. आफ्रिकेतल्या त्या ऐंशी जागाही दवाखानेच होत्या, साधी उपकेंद्रे नव्हेत. आणि राज्याची सरासरी पुण्या-मुंबईची आणि भामरागडची बेरीज करते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांतून रक्तपेढीपर्यंत पोहोचायला तास जातात. रक्तपेढी जितकी दूर, तितके लवकर ओळखणे मोलाचे, कारण तिथे तीनशेच्या रेघेवर सुरू केलेले उपचार हेच बहुधा हाती असलेले एकमेव उपचार असतात. त्यात देशातल्या गर्भार स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांना रक्तक्षय आहे, असे तेच सर्वेक्षण सांगते. हिमोग्लोबिन सातवर असलेल्या किरकोळ बांध्याच्या बाईचे पाचशे मिलिलिटर आणि बारावर असलेल्या बाईचे पाचशे मिलिलिटर सारखे नसतात. तिच्यासाठी तीनशेची रेघसुद्धा उशिराची असू शकते. गर्भारपणात लोहाच्या गोळ्या, गरज पडल्यास शिरेतून लोह, हे सगळे आधी व्हायला हवे, याबद्दल दुमत नाही. पण ते झाले नाही म्हणून बाळंतपणाच्या रात्री तिला अंदाजावर सोडता येत नाही.

सिझेरियनच्या बाबतीत मात्र ही सगळी मांडणी अजून अपुरी आहे. आतापर्यंतचा पुरावा नैसर्गिक बाळंतपणाचा आहे. सिझेरियनमध्ये रक्त गर्भजलासह सक्शनच्या बाटलीत जाते, पोट पुसण्याच्या कापडांत मुरते, टेबलाखाली सांडते. कापडांचे वजन करणे आणि गर्भजलाचा हिशेब वेगळा ठेवणे हे काम किचकट असते. पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात चारांतले एक बाळंतपण सिझेरियनने होते आणि खासगी रुग्णालयांत प्रमाण त्याहून बरेच जास्त आहे. या बायकांसाठी तितकेच सोपे माप अजून घडायचे आहे, आणि ते घडवण्याचे काम मोठ्या संख्येने सिझेरियन करणाऱ्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी अंगावर घ्यायला हवे. नैसर्गिक बाळंतपणापुरते तरी थांबायचे कारण उरलेले नाही. राज्यात प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण होते, घरच्यांना आणि दवाखान्याला प्रश्न विचारले जातात, फॉर्म भरला जातो. त्या फॉर्मवर रक्त मोजले होते की अंदाजाने लिहिले होते, तीनशे मिलिलिटर किती वाजता झाले, पहिले औषध किती वाजता गेले आणि ते द्यायला कोणाची परवानगी घ्यावी लागली, हे चार रकाने असावेत आणि ते भरल्याशिवाय फाइल बंद होऊ नये.